लादीखालचा हिशेब

दसरा झाला की घराला रंग काढायचा, दारं-खिडक्यांवरून हात फिरवायचा आणि हाताशी चार पैसे उरले तर 'यंदा बाथरूम करून घ्यायचं', असा बेत कित्येक घरांत दरवर्षी होतो आणि बहुतेक वेळा पुढच्या वर्षावर जातो. ज्या वर्षी तो खरोखर तडीला जातो, त्या वर्षी कामाची सुरुवात टाइलच्या दुकानात होते. आधी रंग पसंत होतो, मग मधली पट्टी, मग नळ. आणि जे उरेल त्यात गवंडी, वाळू, सिमेंट, पाईप बसवायचे. दिसणाऱ्या वस्तूला पहिला मान आणि पाणी अडवणाऱ्या, वाहून नेणाऱ्या वस्तूला उरलंसुरलं. हा क्रम चुकीचा आहे हे कोणताही जुना गवंडी चहा पिता पिता सांगेल, त्यासाठी लेख लिहायला नको. मला सांगायचं आहे ते त्याच्या पुढचं. हात आखडता असलेल्या घराकडे या कामात घालण्यासारखी एक गोष्ट असते, जी कंत्राटदाराकडे नसते: थांबण्याची तयारी. स्वतःच्या हातांनी काम करून पैसे वाचवायचे असतील तर ते हात थापीला लावून फारसा फायदा नाही. ज्या कामात रोजंदारीवरच्या माणसाला थांबायला परवडत नाही, तिथे ते लावले पाहिजेत. भिवंडीसारख्या गावात तर या थांबण्याची किंमत एका घरापुरती राहत नाही, कारण एकाची मोरी हे दुसऱ्याचं छत असतं.

भिवंडी म्हणजे यंत्रमागाचं गाव. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती आणि त्यातले बरेचसे लोक मागावर, सायझिंगमध्ये, डाइंगमध्ये किंवा हमालीत राबणारे. खाली मागाचा कारखाना आणि वर राहत्या खोल्या, ही इथल्या अनेक गल्ल्यांतली नेहमीची रचना. माग सुरू असताना जमीन, भिंत, पायऱ्या सगळ्यांना एक बारीक थरथर असते. घरातल्या माणसांच्या ती अंगवळणी पडते, पण पाईपच्या जोडाला आणि लादीच्या सांध्याला पडत नाही. पाणी चोवीस तास नसतं. स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचं, महापालिकेच्या स्वतःच्या वऱ्हाळा तलावाचं आणि मुंबई महापालिकेकडून मिळणारं असं तीन ठिकाणचं पाणी जोडून शहराची तहान भागवली जाते, आणि मुंबईच्या मोठ्या जलवाहिन्या तालुक्यातून पुढे जाताना रोज दिसतात. त्यामुळे प्रत्येक न्हाणीत एक पिंप असतं, आणि थोडी ऐपत असलेल्या घरात मोरीच्या वरच्या लॉफ्टवर प्लास्टिकची टाकी. थरथर, साठवलेलं पाणी आणि दाटीवाटीची वस्ती या तीन गोष्टी धरूनच इथल्या बाथरूमचा विचार करावा लागतो. ठाण्या-पुण्याच्या नव्या संकुलातला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

लादीखाली काय असतं ते आधी पाहू. मजल्यावरच्या जुन्या बाथरूममध्ये स्लॅब बहुधा फूटभर खाली घेतलेला असतो, त्याला 'संक' म्हणतात. त्या खड्ड्यात पाईप फिरवलेले, वर विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून केलेला कोबा, त्यावर माल आणि मग लादी. वापरलेलं पाणी न्हाणी ट्रॅपमधून जातं. ही वाटीच्या आकाराची वस्तू नीट पाहण्यासारखी आहे. वर जाळी, जाळीखाली उलटी टोपी आणि टोपीभोवती साचलेलं पाणी. या साचलेल्या पाण्याची खोली किमान ५० मिलिमीटर हवी. गटाराचा वास आणि झुरळं अडवायला दुसरं काहीही नसतं, फक्त ही दोन इंच पाण्याची भिंत. मागावरून सुटून आलेला माणूस अंघोळीला बसला की त्याच्या अंगावरचे, केसांतले, बनियनमधले सुताचे तंतू त्या जाळीवर येतात. सोबत मागाचं तेल, साबणाचा फेस, केस. त्यात नरक चतुर्दशीच्या पहाटे घरातल्या सगळ्यांचं तेल आणि उटणं एकापाठोपाठ एक उतरतं. टोपी घट्ट होते, पाणी तुंबतं, आणि कोणीतरी वैतागून ती टोपी काढून कोपऱ्यात ठेवून देतं. पाणी धो धो वाहून जातं, म्हणून ती परत बसवली जात नाही. काही दिवसांनी वास सुरू होतो आणि घरात ठरतं की बाथरूम जुनं झालं, तोडून नवीन केलं पाहिजे. अशा कित्येक बाथरूमना नूतनीकरण नकोच असतं. नवी टोपी, स्वच्छ जाळी आणि लोखंडी सळईने साफ केलेला पाईप पुरतो. सगळ्यात स्वस्त काम हे, आणि ते कोणीही करू शकतं.

ओल येत असेल तर गोष्ट वेगळी. खालच्याच्या छतावर पिवळसर डाग, पापुद्रे, मग पांढरा खार, मग एक दिवस सिमेंटचा टवका पडून तांबूस गज दिसायला लागतो. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतं, म्हणून गज फुगतो आणि भोवतीचं काँक्रीट फोडून बाहेर येतो. पाणी लादीतून जात नाही, लाद्यांच्या सांध्यांतून, भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून आणि ट्रॅपच्या गळ्याभोवतून जातं. म्हणून नवी चकचकीत टाइल ओलीवर औषध होऊ शकत नाही. औषध तिच्या खाली द्यावं लागतं.

इथे एक छोटा हिशेब मांडतो. चार बाय सहा फुटांची मोरी म्हणजे २४ चौरस फूट, सव्वादोन चौरस मीटरच्या आत-बाहेर. संकचा फूटभर भराव म्हणजे २४ घनफूट, आणि विटा-सिमेंटचा एवढा भराव एक टनाहून जास्त भरतो. पाणी मुरलेला असेल तर आणखी. घरांच्या न्हाणीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात वापराचा भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरलेला आहे. म्हणजे या मोरीच्या वाट्याला माणसं, बादल्या, पिंप सगळं मिळून साडेचारशे किलोंच्या आसपास. पाचशे लिटरची भरलेली टाकी एकटीच अर्धा टन असते. ती लॉफ्टवर ठेवली म्हणून भार नाहीसा होत नाही, तो भिंतींतून खालच्या त्याच बीमवर उतरतो. जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवली तर टाइल आणि चिकटवायचा मसाला मिळून चौरस मीटरला पंचवीस किलोंच्या आसपास वाढतात. जमीन आणि सात फूट भिंती धरल्या तर साडेतीनशे किलोंच्या जवळ. एका मोरीने इमारत पडत नाही. पण चार मजल्यांवर सोळा मोऱ्या असतात आणि प्रत्येकाने दर दहा वर्षांनी एक थर चढवला की तो भार कोणत्याही नकाशात नसतो.

हे भिवंडीत बोलताना आवाज थोडा खाली येतो. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाऊंडमधली तीन मजली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि पस्तीसहून अधिक जीव गेले. २९ एप्रिल २०२३ला वळपाड्यात वर्धमान इमारत पडली. या दुर्घटनांचा दोष कुणाच्या मोरीवर टाकण्याचा हेतू नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. पण मुरत राहिलेलं पाणी, वाढत गेलेलं वजन आणि हात न लावलेली दुरुस्ती या तीन गोष्टी जुन्या इमारतीला कमकुवत करतात, हे कोणताही स्थापत्य अभियंता सांगतो. मोरी दुरुस्त करणाऱ्याच्या हातात यातल्या पहिल्या दोन असतात.

आता थांबण्याकडे येऊ. गवंडी दोन पद्धतींनी काम घेतो, रोजाने किंवा अंगावर. अंगावर घेतलेलं काम तो जितक्या लवकर संपवेल तितका त्याचा फायदा. रोजाने घेतलं तर मालक त्याला जितक्या लवकर घालवेल तितका मालकाचा. दोन्ही रीतींत घाईला बक्षीस आहे. तोडलेला भाग झाडून, धुऊन पूर्ण वाळू देणं, विटांचे तुकडे रात्रभर भिजत घालणं, कोबा ओला ठेवणं, पाणी अडवणाऱ्या लेपाचे दोन हात देताना पहिला पूर्ण सुकू देणं, हे सगळं वेळखाऊ आणि कंटाळवाणं आहे, कौशल्याचं नाही. गवंड्याला यासाठी दिवस मोजून द्यायचे तर खिसा रिकामा होतो. न दिले तर तो ते करत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. घरातल्या माणसाने ही कामं घेतली की गवंड्याचे दिवस खऱ्या कसबाला लागतात: उतार काढणं, ट्रॅप बसवणं, लादी जुळवणं.

त्यातलंही सगळ्यात कमी केलं जाणारं आणि सगळ्यात मोलाचं काम म्हणजे पाणी भरून ठेवणं. लेप सुकल्यावर ट्रॅपचं तोंड बुचाने बंद करायचं, जमिनीवर दोन इंच पाणी भरायचं आणि भिंतीवर पेन्सिलीने पाण्याची रेघ मारायची. चोवीस तासांनी पाहायचं, जमल्यास अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा. केसभर पातळी घटली तर ती वाफ. बोटभर घटली तर कुठेतरी वाट आहे. त्याच वेळी खालच्या घरात जाऊन, मोबाईलचा टॉर्च लावून छत पाहायचं, हात लावून पाहायचं. या तपासणीला काही पैसे लागत नाहीत, पण दोन दिवस मोरी बंद राहते. आणि ज्या घरात एकच मोरी आहे तिथे दोन दिवस ही मोठी किंमत आहे. कंत्राटदार म्हणतो, 'साहेब, चार दिवसांत तयार.' तोडणं, पाईप, कोबा, लेप, तपासणी, लादी, ग्राउट ही साखळी नीट केली तर चार दिवसांत बसतच नाही. आठ-दहा दिवस धरावे लागतात. चार दिवसांचं आश्वासन म्हणजे तपासणी वगळल्याची कबुली, एवढं समजून घ्यावं. शेजाऱ्याशी बोलून त्याच्या मोरीची पाळी ठरवावी. चाळीत राहणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. बारा तासांच्या पाळीवर असलेल्या माणसाला वेळ कुठला? म्हणूनच तर थांबण्याची कामं त्याला जमण्यासारखी आहेत, असं माझं उत्तर. पाणी भरून पाळीवर जाता येतं, कोब्यावर ओलं गोणपाट टाकून जाता येतं, विटा भिजत घालून झोपता येतं. थापी चालवायला मात्र तिथे हजर राहावं लागतं, आणि थकलेल्या हाताने काढलेला उतार दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात पाणी साठवतो. मोबाईलवर पाहून टाइल बसवणाऱ्यांचा जो उत्साह दिसतो, त्याचं मूळ अशा देशांत आहे जिथे कारागिराची मजुरी मालाहून महाग असते. आपल्याकडे गवंड्याची दोन दिवसांची मजुरी वाचवून त्याच्या वीस वर्षांच्या नजरेला मुकणं हा बरा सौदा नाही. सहा फुटांच्या लांबीत पाऊण ते एक इंच उतार हवा असतो, आणि तो पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने दोन्ही टोकांना पातळी धरून पाहता येतो. मालकाने स्वतः शिकावं असं काही असेल तर ही नळी धरणं. गवंडी थोडा तोंड वाकडं करेल, पण उतार नीट काढेल.

दुसरा आक्षेप तोडण्याबद्दल आहे. तोडायचं तर राबीट म्हणजे राडारोडा खाली उतरवायचा, टेम्पोचे पैसे द्यायचे, धूळ, शेजाऱ्यांची कुरकुर; त्यापेक्षा जुन्या टाइलवर नवी का नको? ओल नसेल, टाइल ठोकून पोकळ वाजत नसतील आणि इमारत तरुण असेल तर चालेल. पण ओल आहे म्हणूनच काम काढलं असेल, तर वरची टाइल म्हणजे तापावर घातलेला सदरा. तोडलंच तर एक फायदा पदरात पडतो: संकमधून टनभर भराव निघतो आणि पुन्हा तेवढा भरायची गरज नसते. सिपोरेक्सचे तुकडे विटेच्या एक तृतीयांश वजनाचे असतात. ते पाणी पितात हे खरं, म्हणून त्यांच्या खाली स्लॅबवर एक लेप आणि वर एक लेप असे दोन लागतात. काही गवंडी सिपोरेक्स म्हटलं की नाक मुरडतात. दोन्हीकडून लेप नसेल तर त्यांचं नाक मुरडणं बरोबरच आहे.

लेपालाही मर्यादा आहेत. सिमेंट आणि अ‍ॅक्रिलिकचं दोन भागांचं मिश्रण जमिनीवर लावून भिंतीवर फूटभर चढवलं तर क्षेत्र होतं २४ अधिक २०, म्हणजे ४४ चौरस फूट, आणि त्याला लागणारा माल फार नाही. पण भिंत-जमिनीच्या काटकोनात तो लेप तडकतो, म्हणून आधी तिथे सिमेंटचा गोलसर वाटा काढावा लागतो. ट्रॅपच्या गळ्याभोवतीही तसंच. मागाच्या थरथरीमुळे इथे हा वाटा पुण्याच्या सोसायटीपेक्षाही जास्त गरजेचा. डबा महागातला घेतला आणि वाटा काढला नाही, असं काम डोळ्यांदेखत फुकट जातं. वाळूबद्दलही एक खबरदारी. कशेळी-काल्हेरच्या बाजूला खाडीतून रेती उपसण्याचा धंदा जुना आहे, आणि न धुतलेल्या खाडीच्या रेतीत मीठ असतं, ते गजाला खातं. वाळू जिभेला लावून पाहणारे जुने मिस्त्री वेडे नव्हते.

मग वाचवायचं कुठे? भिंतीवर. २० फूट घेराच्या मोरीत सात फुटांपर्यंत टाइल लावली तर दार वजा जाता १२४ चौरस फूट लागते; चार फुटांपर्यंत लावली तर ७० पुरते. वरचा भाग गुळगुळीत प्लास्टर आणि चांगला रंग. नळ आणि संडास आहे तिथेच ठेवले तर सगळ्यात मोठा खर्च वाचतो, कारण मैल्याचा पाईप हलवला की उतार, तोडफोड, मजुरी सगळंच वाढतं. टाइलचे उरलेले लॉट स्वस्तात मिळतात. मोरबीहून येणारा माल भिवंडीच्या गोदामपट्ट्यातून रोज जातो आणि तुटक्या पेट्या कुठेतरी विकल्या जातातच. चार रंग जमवून केलेली न्हाणी दिसायला काही वाईट नसते. जमिनीला मात्र खरबरीत टाइलच घ्यावी, चकचकीत नको. घरात म्हातारं माणूस असेल तर या मुद्द्यावर दुकानदाराचंही ऐकू नये. पाईपमध्ये काटकसर करू नये. जुना लोखंडी जीआय पाईप भिंतीत गंजत बसलेला असेल तर तो आत्ताच बदलावा, पुन्हा भिंत कोण फोडणार?

दोन कामांना घरच्या माणसाने हात लावू नये. पहिलं विजेचं. २००७ पासून भिवंडीत वीजवाटप टोरंट पॉवर करते, पण मीटरच्या आतली वायरिंग घरमालकाचीच जबाबदारी. तीन किलोवॉटचा गीझर तेरा अँपिअर ओढतो. त्याला जाड वायर, सोळा अँपिअरचा पॉइंट, खरी अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा ईएलसीबी लागतो. बादलीत टाकायची हीटरची सळी ज्या घरात आहे तिथे तर हा ईएलसीबी टाइलच्या आधी घ्यायला हवा. दुसरं, बंद मोरीत गॅसचा गीझर. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि अंघोळीला बसलेला माणूस हाक न मारता बेशुद्ध पडतो. गीझर बाहेर, पाईप आत, हीच रीत बरोबर. खिडकी उडवून टाइल नीट जुळवण्याची हौस तर कुणी करूच नये.

'भाड्याच्या किंवा पागडीच्या खोलीत लादीखाली पैसे का पुरायचे?' हा शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे. नैतिक उपदेशाने तो मिटत नाही. भाडेकरूने तोडकाम काढूच नये असं मला वाटतं. त्याने ट्रॅप, सांधे, नळ एवढंच पाहावं आणि बाकी मालकाकडून लेखी मागावं. मालकीच्या घरात कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १९६६च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या ४३व्या कलमानुसार फक्त अंतर्भागापुरत्या सुधारणेला विकास परवानगी लागत नाही. कॉलम-बीमला हात लावणं किंवा गॅलरीत मोरी काढणं यात बसत नाही. सोसायटी असेल तर बाहेरच्या सामाईक पाईपची गळती सोसायटीची आणि आपल्या न्हाणीतून झिरपलेलं पाणी आपलं. खालच्याच्या छताची दुरुस्ती आधी बोलून घेतली तर बरं, कारण नंतरची भाषा वेगळी असते. महापालिका अधिनियमाच्या २६५-अ कलमानुसार तीस वर्षं झालेल्या इमारतीला संरचनात्मक स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतं. पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी निघते, तिच्यात सी-१, सी-२अ, सी-२ब, सी-३ असे वर्ग असतात. तोडकाम काढण्यापूर्वी आपली इमारत कुठल्या वर्गात आहे ते पाहायला एक फेरी पुरते. सी-२ब किंवा सी-३ असेल तर मोरीची ओल बंद करणं इमारतीच्या दुरुस्तीतच मोडतं आणि चार घरांनी मिळून एकाच गवंड्याला ठरवलं तर स्वस्तही पडतं. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत. तिथे पहार चालवू नये, लॉफ्टवरची टाकी आजच उतरवावी. बदलायचे ते नळाचे वॉशर आणि न्हाणीची जाळी, बाकीची रक्कम दुसरीकडच्या खोलीच्या डिपॉझिटला लागणार आहे.